आधी जुना भाग दाखवा

पंपांचे सुटे भाग विकायच्या दुकानात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. त्या अर्ध्या आयुष्यात एक वाक्य त्यानं जितक्यांदा म्हटलं असेल, तितक्यांदा बायकोला नावानं हाक मारली नसेल. "आधी जुना भाग दाखवा." गिऱ्हाईक घामेजून यायचं, घरातलं पाणी बंद, नळाखाली बादल्या कोरड्या, मागून घरच्यांचे फोनवर फोन. अमक्या पंपाचं वायसर द्या म्हणायचं. हा तळहात पुढे करायचा. जुनं टाकून दिलं म्हणालं की मान हलवायची. शोधून आणा, कचऱ्यात असेल, पण आणा. लोक चिडायचे. मालक आहे का नोकर, असं विचारायचे. नोकरच होता. पण जुनं वायसर हातात घेऊन, कुठं झिजलंय, कोणत्या बाजूनं खाल्लंय हे बघितल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा त्याचा कानाला लावलेला खडा होता. त्याचं म्हणणं, पंप काय म्हणतो ते पंपवाल्याला कळत नाही, झिजलेल्या भागाला कळतं.

ही झाली त्याची दिवसाची नोकरी. संध्याकाळची वेगळी होती, बिनपगारी.

घराची मागची गॅलरी काचा लावून बंद करून घेतली होती. तिथं एका टेबलावर लोकांनी भंगारात काढलेले दोन कॉम्प्युटर, आणि खालच्या फळीवर वायरींचं भेंडोळं. त्या कॉम्प्युटरवर चालायची ती सिस्टीम कुठल्या कंपनीची नव्हती. देशोदेशीच्या हौशी माणसांनी आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती बांधली होती. कुणी खिडक्या काढल्या, कुणी अक्षरं घडवली, कुणी आवाज बसवला. वापरणारी टाळकी शे-पाचशे. त्यातले आपली भाषा बोलणारे मोजके, त्यांचा एक ग्रुप. बाकी जगाला ही सिस्टीम आहे हेही माहीत नव्हतं आणि जगाचं काही अडत नव्हतं.

नुसती सिस्टीम म्हणजे रिकामं घर. राहायचं तर भांडीकुंडी लागतात: लिहायचा प्रोग्राम, चित्रं बघायचा, गाणी ऐकायचा. त्या प्रत्येकाचं एक गाठोडं बांधून ठेवलेलं असतं, त्याला म्हणायचं पॅकेज. आणि मागेल त्याला गाठोडं नेऊन देणारा, जुनं झालं की बदलणारा, नको झालं की उचलून नेणारा जो प्रोग्राम, तो पॅकेज मॅनेजर. ग्रुपवर त्याला सगळे 'कोठी' म्हणायचे. कोठीला नुसतं नाव सांगायचं, की वस्तू घरात. पण पॅकेज कधी एकटं येत नाही. जावयाला बोलवावं आणि त्याच्यामागून त्याचा भाऊ, भावाचा मेव्हणा, मेव्हण्याची मावशी असं गणगोत उतरावं, तसं प्रत्येकामागून दुसरी चार येतात. हा नसला तर तो चालत नाही. तो आला तर तिसऱ्याशी त्याचं पटत नाही. कुणाला कुणाशेजारी बसवायचं आणि कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे आमचा हा. ग्रुपवर त्याचं नावच पडलं होतं, कोठीवाला.

सुरुवातीला कोठी सांभाळायला तिघं होते. एकाला मोठी नोकरी लागली, एकाला जुळं झालं, आणि उरला हा.

"माझ्या माहेरचे चार जण आले तर तुम्हाला घर लहान पडतं," बायको म्हणायची, "आणि इथं बिनओळखीच्या चारशे जणांची सोय लावताय." म्हणायची, आणि चहाचा कप टेबलावर वायरींपासून लांब ठेवायची, कारण एकदा सांडला होता.

त्या बिनओळखीच्यांत एकाची ओळख मात्र फार जुनी होती. तो शिंपी होता, खराखुरा, कुठल्याशा लांबच्या गावात दुकान असलेला. ग्रुपवर सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कपडे शिवता शिवता हा माणूस प्रोग्राम लिहायला कसा शिकला हे कुणी विचारलं की म्हणायचा, बेतायचं, कापायचं, जोडायचं, वेगळं काय असतं त्यात? कोठीवाल्याचं आणि त्याचं रोजचं लिहिणं होतं. आवाज कधी ऐकला नव्हता, तोंड कधी बघितलं नव्हतं, फोन नंबर मागायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. पण मास्तरांचं लिहिणं म्हणजे इस्त्री केलेलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आणि चिमटे असे काढायचे, की ज्याला काढला तोच आधी हसायचा. कोठीवाल्याच्या संसारात मास्तरांची बातमी रोज असायची. मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. बायको म्हणायची, सवत बरी, तिचा निदान पत्ता तरी माहीत असतो.

मास्तरांनी कोठीला पाच-सहा पॅकेजं दिली होती, सगळी लहान. त्यातलं एक तर अगदीच चिमूटभर. त्याचं काम एवढंच: कीबोर्डचं एक बटण पापणी लवायच्या आत दोनदा-तीनदा दाबलं गेलं, तर एकदाच दाबलं असं धरायचं. बस्स. कोठीवाल्यानं तेव्हा विचारलं होतं, हे कशाला लागतं. मास्तरांनी लिहिलं, "माझा कीबोर्ड म्हातारा झालाय. एक दाबलं की दोन उठतात."

कोठीवाल्याला वाईट वाटलं. गरीब शिंपी, मोडका कीबोर्ड. त्यानं बाजारातून चांगला नवा कीबोर्ड घेतला, मास्तरांकडून पत्ता मागून घेतला आणि पार्सल करून पाठवून दिला. मास्तरांचं उत्तर आलं: कीबोर्ड झकास आहे, बटणं लोण्यासारखी, उपकार झाले. आणि खाली, सहज म्हणून लिहावं तसं: "पण तो प्रोग्राम असू द्या कोठीत. सवय झालीय."

इथं त्याला कळायला हवं होतं. नव्या पंपाला जुनं वायसर मागणारं गिऱ्हाईक दुकानात आलं असतं, तर त्यानं काउंटरवरून वाकून विचारलं असतं, घोडं पेंड खातंय कुठं? पण हे दुकान नव्हतं. इथं तळहातावर काही पडत नव्हतं. त्यानं नुसता हसरा चेहरा पाठवला आणि पुढच्या कामाला लागला.

मास्तरांसाठी त्यानं आणखी एक केलं होतं, तेही प्रेमानंच. अपडेट करताना कोठी दर वेळी विचारते: हे बदलू का, ते काढू का. मास्तर म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, मी तुमच्यावर सोडतो. तेव्हा यानं त्यांना एक ओळ लिहून पाठवली. ती घातली की कोठी विचारत नाही. जे नवं येईल ते घेते, जे काढायचं ते काढते. "मास्तर, तुम्ही हात लावू नका. आपोआप होईल सगळं," असं त्यानं वर लिहिलं होतं.

मग ती मोठी अपडेट आली.

सिस्टीमचं कीबोर्ड वाचायचं जे मूळ होतं, तेच दुसऱ्या देशातल्या मंडळींनी नव्यानं बांधलं. चांगलं बांधलं. पण कीबोर्डला हात लावणारं प्रत्येक जुनं पॅकेज त्यावर बसेना. कोठीवाल्यानं ग्रुपवर जाहीर केलं: ज्यांची पॅकेजं कीबोर्डला चिकटलेली आहेत, त्यांनी ती नव्या मापाची करून द्यावीत. जी मुदतीत येणार नाहीत ती कोठीतून जातील, आणि अपडेट झाली की लोकांच्या कॉम्प्युटरवरूनही निघतील, कारण जुनं आणि नवं एका घरात नांदणार नाही. नियम म्हणून यात काही चूक नव्हती. कोठी चालवायची तर कचरा काढावा लागतो.

सगळ्यांनी आपापलं केलं. मास्तर राहिले. त्यांनी लिहिलं, थोडं थांबा, माझं काम हल्ली सावकाश होतं. कोठीवाला थांबला. पुन्हा लिहिलं, अजून थोडं. आता बाकीचे कुरकुर करायला लागले. त्या चिमूटभर पॅकेजसाठी सगळी पंगत खोळंबली होती, आणि ते मास्तरांशिवाय कुणी वापरत असल्याची खूण नव्हती. त्या दिवशी दुकानात मालकाशी वाजलं होतं, पोटात कावळे ओरडत होते, आणि जीभ उचलून टाळ्याला लावायला माणसाला वेळ किती लागतो? त्यानं ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं:

"मास्तर, 'उद्या या' हे गिऱ्हाइकांना सांगायचं. मला नको."

लोक हसले. मास्तरही हसले, म्हणजे हसरा चेहरा पाठवला. खाली लिहिलं, "बरोबर आहे. शिंप्याचा उद्या कुणी बघितलाय?" आणि मग त्याला एकट्याला वेगळं: "नाहीच झालं वेळेत, तर माझ्यापुरतं जुनं राहू द्याल?"

तशी सोय होती. एखाद्या पॅकेजला खिळा ठोकून ठेवता येतो, की बाकी काहीही बदलो, हे हलणार नाही. एक ओळ लिहून पाठवायची होती. पण एकाला सवलत दिली की उद्या दहा जण हात पसरतील, असं त्याला वाटलं. त्यानं लिहिलं, नियम सगळ्यांना सारखा, मास्तर. वाटल्यास अपडेटनंतर सावकाश नवं करून द्या, लगेच कोठीत घेतो.

मुदत संपली. त्यानं पॅकेज काढलं, अपडेट सोडली. सगळं सुरळीत झालं. कुणाचं काही मोडलं नाही. त्या संध्याकाळी तो इतका खूश होता, की बायकोला बाहेर जेवायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मास्तरांचा एक निरोप आला. त्याला ना डोकं ना शेपूट. एकेक अक्षर चार-चार, पाच-पाचदा, मधेच जागाच जागा, मधेच नुसती टिंबांची रांग. काही जणांनी प्रश्नचिन्हं टाकली. कोठीवाल्यानं कालच्याच खुशीत लिहिलं, "मास्तरांच्या नातवानं हात मारलेला दिसतोय. नातवाला कोठीत घ्या, आजोबांपेक्षा चपळ आहे."

खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

त्यानंतर मास्तर काही बोलले नाहीत. आधी कोठीवाल्याला वाटलं, रुसलेत. एक पॅकेज काढलं म्हणून एवढं नाक? त्यानं दोनदा त्यांना वेगळं लिहून बघितलं, उत्तर नाही. मग तोही फुगला. बायकोनं विचारलं, काय म्हणतात तुमचे मास्तर, तर म्हणाला, शिंपी आहेत, मापं काढतात आणि गायब होतात. अशा बोलण्यात वर्ष कधी गेलं कळलं नाही.

कळलं ते दुकानात, भर दुपारी. एक म्हातारे गृहस्थ आले होते, नेहमीचे. शिस्तीत जुना भाग रुमालात बांधून आणलेला. यानं नवा काढून दिला, कार्डाचं यंत्र पुढे केलं. त्यांनी आकडे दाबले. यंत्र नाही म्हणालं. पुन्हा दाबले, पुन्हा नाही. मागची रांग चुळबुळायला लागली. म्हातारा ओशाळला आणि हसून म्हणाला, "यंत्र म्हातारं झालंय हो तुमचं. एक दाबलं की दोन उठतात."

यंत्र त्याच आठवड्यात आलं होतं. वरचा प्लास्टिकचा कागदही काढला नव्हता. कोठीवाल्यानं पहिल्यांदा यंत्राकडे न बघता बोटाकडे बघितलं. बोट बटणावर टेकत होतं, आणि उठायच्या आत दोनदा थरथरत होतं. अगदी बारीक. शिवणयंत्राची सुई खालीवर होते तसं.

त्यानं म्हाताऱ्याला म्हटलं, राहू द्या, उद्या द्या. मालकानं कोपऱ्यातून डोळे वटारले ते त्याला दिसलेही नाहीत.

घरी आल्यावर बायकोला एवढंच म्हणाला, मास्तरांचे हात कापतात. तिनं विचारलं, त्यांनी सांगितलं होतं का तुम्हाला? नाही, म्हणाला. मग तुम्हाला कसं कळणार, असं ती म्हणाली, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्यानं गॅलरीत जाऊन ग्रुपवरचा तो वर्षापूर्वीचा निरोप शोधून काढला. तांदळातले खडे वेचावेत तशी जास्तीची अक्षरं एकेक करून बाजूला काढली. फार वेळ लागला नाही. त्या दिवशी विनोद करायला जेवढा लागला होता, त्याहून थोडासाच जास्त. शेवटी उरलं ते असं: "कोठीवाले, झालंय. फक्त" आणि पुढे टिंबांची रांग.

पत्र लिहितो, माफी मागतो, म्हणाला. बायको म्हणाली, "ज्याला लिहिता येत नाही त्याला पत्र कसलं पाठवताय? जा."

जाण्याआधी त्यानं ते पॅकेज नव्या मापाचं केलं. तीन-चार संध्याकाळी लागल्या. काम काही अवघड नव्हतं, आणि तेच त्याला जास्त टोचलं. हे मीच तेव्हा करून दिलं असतं तर? पण तेव्हा ते मास्तरांचं काम होतं आणि तो कोठीवाला होता. कोठीवाला दुसऱ्याचं शिवत नाही, फक्त मुदत सांगतो.

कीबोर्डच्या पार्सलवरचा पत्ता अजून जपून ठेवलेला होता. बसनं अर्धा दिवस लागला. दुकान सापडायला वेळ लागला नाही, कारण कोपऱ्यावरच्या माणसानं शिंप्याचं दुकान म्हटल्यावर विचारलं, बापाचं का मुलीचं? एकच आहे ते. आता मुलगी चालवते.

मुलगी यंत्रावर बसली होती, तिशीची, तोंडात टाचण्या. भिंतीला अर्धवट शिवलेले कपडे, दोरीवर कपडे बेतायचे कागद लटकवलेले. यानं कोण म्हणून सांगितलं तेव्हा तिनं आधी टाचण्या तोंडातून काढल्या, एकेक करून उशीत खोचल्या, आणि मग म्हणाली, "काका, फार उशिरा आलात हो." रागानं नाही. गिऱ्हाइकाला वेळ टळली की सांगतात तसं.

मागच्या खोलीत खिडकीशी आरामखुर्चीत मास्तर होते. कोठीवाल्याच्या मनात मास्तर चांगले जाडजूड, मिशाळ होते. हे वाळक्या अंगाचे, दाढी नीट केलेली, शर्ट मात्र असा बसलेला, की दुसऱ्या कुणाच्या अंगावर बसणार नाही. हात मांडीवर, एकावर एक दाबून धरलेले, तरी वरचा हलत होता. त्यांनी याला बघून ओळखलं, कसं कोण जाणे.

"या कोठीवाले," आवाज बारीक होता, कान द्यावा लागत होता. "बसा. माझ्या नातवाला बघायला आलात?"

हा उभाच राहिला.

"मला नातू नाही," मास्तर म्हणाले. "ही एकच मुलगी, आणि तिनं लग्न केलेलं नाही."

मास्तर सगळं वाचत होते. वर्षभर, रोज. मुलीच्या फोनवर, ती संध्याकाळी दुकान आवरून धरून बसायची. कोणाचं काय बिघडलं, कोणी काय नवं केलं, कोठीवाला कुणावर भडकला, सगळं त्यांना ठाऊक होतं. लिहिता तेवढं येत नव्हतं. फोनच्या इवल्याशा पाटीवर बोट टेकतच नव्हतं. आणि कॉम्प्युटर बंद पडून होता, कारण त्या अपडेटनंतर एकदा तो बंद केला तो पुन्हा उघडला नाही. उघडायला परवलीचा शब्द लागतो, आणि एक दाबलं की तीन उठणाऱ्या बोटांनी तो शब्द जुळेना. स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःला उघडत नव्हतं.

मुलगी दारात उभी राहून हे सांगत होती. मी म्हटलं बाबांना, तुम्ही शब्द सांगा, मी टाकते. तुम्ही बोला, मी लिहिते. नको म्हणाले.

"का नको?" कोठीवाल्यानं विचारलं.

मास्तरांनी वरचा हात खालच्यावर आणखी दाबला. "कापायचे हातच कापायला लागले, हे शिंपी कुणाला सांगतो का? गिऱ्हाईक कापड देईल? इथं तर सगळ्या गावाला कळायच्या आधी मुलीनं यंत्र हातात घेतलं म्हणून निभावलं. तिथं तुमच्या ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. तिथं माझे हात चांगले होते." मग त्याच बारीक आवाजात: "ते नातवाचं वाचलं, आणि म्हटलं आता दुसऱ्याच्या हातानं काय रडगाणं लिहायचं. हसू द्या."

कोठीवाला म्हणाला, चुकलं माझं. मास्तरांनी ते ऐकल्याचं मान हलवून दाखवलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत, नाही असंही नाही.

मग त्यानं विचारलं, त्या निरोपात 'झालंय, फक्त' असं होतं, फक्त काय?

मास्तरांचे डोळे पहिल्यांदा जरा उजळले. त्यांनी परवलीचा शब्द त्याच्या कानात सांगितला. मुलीनं कॉम्प्युटरवरचे बेतायचे कागद, खडू आणि एक इस्त्री उचलून बाजूला ठेवली. यानं पाठवलेला कीबोर्ड तिथंच होता. बटणांवरची अक्षरं झिजून पुसली होती, काही तर अगदी गुळगुळीत. त्यानं ती बोटानं चाचपली आणि थोडा वेळ हात तसाच ठेवला. किती वेळा दाबली गेली असतील ही, एकदाच्या जागी तीनदा.

शब्द घातला, कॉम्प्युटर उघडला. काम तिथंच होतं, जसं सोडलं तसं. पॅकेज नव्या मापाचं जवळजवळ शिवून झालेलं. नुसतं नवं नाही, यानं तीन-चार संध्याकाळी जे केलं त्याच्या कितीतरी पुढचं. बोट घसरून शेजारच्या बटणावर पडलं तर ते ओळखायचं होतं त्यात. हात जड असला तर किती जड, हे माणसानं स्वतः ठरवायची सोय होती. "बघा," मास्तर म्हणाले, "शिवणीत माया ठेवली होती, पुढं उसवायला जास्तीचं कापड. हात जसजसे बिघडत जातील तसतसं सैल करत जायचं. रोज थोडं. अंगाबरोबर कपडा सरकत गेला असता." राहिली होती ती शेवटची जुळणी, एका दिवसाची. त्या एका दिवसासाठी ते फक्त थोडं थांबा म्हणत होते. पण कोठीनं विचारलं नाही. तिला न विचारायला त्यानंच सांगितलं होतं. मास्तर झोपले असताना अपडेट झाली, आणि सकाळी त्यांनी बटणावर बोट ठेवलं तर त्यांच्या हाताखालचं कापडच कुणी ओढून नेलेलं.

कोठीवाल्यानं तिथं बसूनच ती शेवटची जुळणी केली. दुपार गेली त्यात. मास्तर शेजारी बसून सांगत होते, इथं नको, तिथं, हं. मुलीनं दोनदा चहा आणला. शेवटी त्यानं नवं पॅकेज बसवलं, मास्तरांची खुर्ची कीबोर्डपुढे सरकवली आणि बाजूला झाला.

मास्तरांनी हात वर उचलले. ते हात कीबोर्डपर्यंत पोचायलाच वेळ लागला. आधी त्याला वाटलं, जमतंय. जास्तीची अक्षरं पडत नव्हती, प्रोग्राम सगळी गिळत होता. पण बोटं आता शेजारच्या बटणावर पडत नव्हती, कुठंही पडत होती. एखादं बोट तर अधांतरीच राहायचं. वर्षभरात हात पुढे निघून गेले होते, आणि त्यांच्याबरोबर चालायला कुणी नव्हतं. पडद्यावर एक शब्द उमटला, तोही कोणता ते सांगता येईना. मास्तरांनी हात उचलून पुन्हा मांडीवर घेतले, एकावर एक.

"कपडा चांगला झालाय," ते म्हणाले. "अंगच बदललं."

मुलगी दारातून निघून यंत्रावर जाऊन बसली. यंत्र बराच वेळ चाललं नाही.

कोठीवाला म्हणाला, मी रोज फोन करतो, तुम्ही सांगा, मी तुमच्या नावानं लिहितो. मास्तर म्हणाले, बघू. हे पॅकेज कोठीत ठेवा, कुणालातरी लागेल. निघताना उंबऱ्यात त्याला राहवलं नाही. म्हणाला, ते नातवाचं मी ग्रुपवरून काढून टाकतो, आजच्या आज.

मास्तर हसले. त्याला कळलं, हे हसणं त्यानं इतकी वर्षं नुसतं चेहऱ्यांच्या चित्रात बघितलं होतं.

"काढून टाकायची फार घाई बुवा तुम्हाला," ते म्हणाले. "राहू द्या तिथंच."

फोन सुरू झाले. पण आवाज लवकर दमायचा, आणि मास्तरांचे चिमटे लिहिण्यातले होते. बोलण्यात नुसती कामाची वाक्यं यायची, तीही मुलगी मधे सांगायची तेव्हा. कोठीवाला ती ग्रुपवर टाकायचा. लोक म्हणायचे, मास्तर आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तो काही बोलायचा नाही, कारण हातांचं कुणाला सांगायचं नाही असं मास्तरांनी बजावलं होतं. पुढच्या थंडीत फोन मुलीचा आला. मास्तर गेल्याचं तिनं स्वतःच सांगितलं, आणि म्हणाली, तुमचा कीबोर्ड मी ठेवून घेतलाय.

पॅकेज कोठीत आहे. वापरणारे थोडे आहेत, कुठल्या कुठल्या गावातले, ज्यांनी कधी तोंड उघडून ते का लागतं हे सांगितलेलं नाही. कोठीवाल्यानं कुणाला विचारलंही नाही. आता कोठीतून काही काढायचं असलं की तो आधी वापरणाऱ्याला गाठतो, उत्तर येईपर्यंत थांबतो. ग्रुपवरची नवी पोरं वैतागतात. कोठी गंजली म्हणतात, म्हाताऱ्याच्या हातात चाव्या कशाला म्हणतात. दुकानात मात्र त्याचं ते वाक्य हल्ली जरा अडखळतं. तळहात पुढे येतो, आणि "आधी जुना भाग" म्हणून तो मधेच थांबतो. गिऱ्हाईक समजून घेतं आणि खिशात हात घालतं.

नातवाचा तो विनोद अजून ग्रुपवर तसाच आहे. कुणी नवीन आलं की जुनं चाळता चाळता तिथं पोचतं, आणि खालच्या रांगेत आणखी एक हसणारा चेहरा वाढतो. तो त्यानंच लिहिलेला असल्यानं प्रत्येक वेळी त्याची वर्दी त्याच्याकडे येते. तो उघडून बघतो, आणि काढत नाही.